उजव्या मांडीचा तोच स्नायू

बालेवाडीच्या ट्रॅकवर सराव करणारी २०० मीटरची एक धावपटू उजव्या मांडीच्या मागचा स्नायू दुसऱ्यांदा दुखावल्यानंतर तपासणीसाठी माझ्याकडे आली, तेव्हा चालताना किंवा हलके धावताना तिला कोणताही त्रास होत नव्हता. खाली वाकून तिने तळहात जमिनीला टेकवूनही दाखवले. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि सोबत आलेल्या तिच्या प्रशिक्षकांना माझा होकार हवा होता.

मी तिला पालथे झोपवून, गुडघा किंचित वाकवून टाच माझ्या हातावर जोराने दाबायला सांगितली. डाव्या पायाचा जोर मला आवरत नव्हता. उजवा मात्र सहज खाली आला. मग उताणे झोपवून, गुडघा ताठ ठेवून पाय एका झटक्यात जमेल तितका वर नेण्यास सांगितले. स्वीडनचे संशोधक कार्ल आस्कलिंग यांनी सुचवलेल्या या चाचणीत, संथ ताण देताना जे लपून राहते ते वेगामुळे उघड होते. उजवा पाय अर्ध्यावर थांबला.

"मॅडम, दुखत नाही, पण पुढे नेववत नाही," ती म्हणाली.

प्रशिक्षक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "निदान चार बाय शंभरची रिले?"

"सर, बॅटन हाती येते तेव्हा ती आधीच वेगात असते. या स्नायूला धोका तिथेच अधिक आहे."

पूर्ण वेगात पाऊल जमिनीला लागण्याच्या किंचित आधी, पुढे फेकलेला पाय आवरण्याचे काम हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा हाच स्नायू, करतो आणि नेमका त्याच वेळी तो लांबत असतो. धावपटूंच्या अशा बहुतेक दुखापतींत बायसेप्स फिमोरिस, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा बाहेरच्या बाजूचा भाग, तेव्हाच फाटतो. म्हणून लवचिकता पुरत नाही, लांबत असताना जोर धरण्याची ताकद लागते. आस्कलिंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्वीडनमधील ५६ अव्वल धावपटू व उडीपटूंच्या अभ्यासात स्नायू लांबवून भार देणारे व्यायाम करणारे खेळाडू सरासरी ४९ दिवसांत परतले, तर नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ८६ दिवस लागले.

तिची सरावाची वही पाहिल्यावर कारणही सापडले. पावसाळाभर गवतावर संथ धाव आणि नंतर एकदम स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून स्टार्टिंग ब्लॉकमधून पूर्ण जोर, असा तिचा क्रम होता आणि दोन्ही दुखापती त्याच आठवड्यांतल्या होत्या. महिनोन्‌महिने वेग न अनुभवलेल्या स्नायूकडून अचानक कमाल वेग मागणे हीच माझ्या मते सर्वांत घातक सवय आहे आणि आपल्याकडे ती सर्रास दिसते.

सरांनी तिचे नाव स्वतःहून मागे घेतले. नंतरच्या आठवड्यांत आम्ही तिघांनी मिळून वेळापत्रक नव्याने आखले. घोटे जोडीदाराने धरून, गुडघ्यांवर उभे राहून धड सावकाश पुढे झुकवण्याचा नॉर्डिक व्यायाम कमी फेऱ्यांनी सुरू केला, सोबत रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे किंचित वाकवून कमरेतून झुकत वजन उचलण्याचा व्यायाम, दिला. नॉर्डिकचा समावेश असलेल्या कार्यक्रमांमुळे या दुखापतींचे प्रमाण जवळपास निम्मे होते, असा अनेक अभ्यासांच्या २०१९ च्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. त्यातील बहुतेक खेळाडू फुटबॉलचे असल्याने आम्ही तेवढ्यावर विसंबलो नाही. धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवला आणि कमाल वेगाच्या छोट्या धावा वर्षभर चालू राहतील असे ठरवले. नॉर्डिक वेगाच्या सरावाच्याच दिवशी, धावण्यानंतर ठेवला, कारण आदल्या दिवशी केल्यास दुखऱ्या मांड्यांनी वेगाचा सराव करावा लागला असता.