झेंडा कुठला, काका?

पितृपक्षात आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत सामसूम असते. नवी खरेदी नाही, नवा व्यवहार नाही, व्यापारी गल्ल्यावर बसून पेपर वाचतात. करसल्लागाराच्या ऑफिसला मात्र पितृपक्ष लागत नाही. त्यातून १५ सप्टेंबर २०२५ म्हणजे आयकराचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. जुलैअखेरची मुदत सरकारनं आधीच दीड महिना वाढवून दिली होती. लोकांनी तो दीड महिना आरामात काढला आणि शेवटच्या दिवशी सगळे एकदम दारात.

पोर्टल सकाळपासून नुसतं गरगर फिरत होतं. माझ्याकडची मुलगी दोन कॉम्प्युटर आणि स्वतःचा मोबाइल समोर ठेवून, जिथं उघडेल तिथं भरत होती. अशात चप्पल लाइनमधले एक जुने पक्षकार आले. त्यांना रिटर्नचं काही नव्हतं, जीएसटीचं विचारायचं होतं.

"ताई, घटस्थापनेपासनं पाच टक्के म्हणायलेत. खरं हाय?"

खरं होतं. ३ सप्टेंबरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे काढायचे ठरवले होते. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांना २२ सप्टेंबरपासून पाच टक्के. त्यांची चांगली खपणारी कोल्हापुरी १८०० ची, त्यावर अठरा टक्के धरून गिऱ्हाइकाला २१२४ पडायची. आता १८९० पडणार. जोडीमागं २३४ रुपये कमी.

"म्हणजे २२ पर्यंत माझ्या दुकानात कोण फिरकणार?" ते म्हणाले. "आणि २३ ला येणारा मागच्या महिन्यातले २३४ पण परत मागणार."

जुन्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट बुडत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. ते उठले आणि दारातून म्हणाले, "सरकार घेतंय तेव्हा बी आम्हीच, अन् सोडतंय तेव्हा बी आम्हीच." मला हसू आलं, पण पुढची फाइल उघडी होती.

साडेतीनच्या सुमारास काका आले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. मंगळवार पेठेतले, एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांच्या तालमीचे खजिनदारही तेच. गेली दोन वर्षं ते माझ्याकडं फिरकले नव्हते. कारण मला ठाऊक होतं: "तू आणि तुझा बाप मिळून मला कधी रिफंड दाखवला नाही." कॉलेजातल्या कुणीतरी 'रिफंड काढून देणारा' गाठून दिला होता.

"हाईस का गं? च्या नको, आत्ताच घेतलाय." बसले आणि आधी तालमीचंच सुरू झालं. गणपती होऊन नऊ दिवस झाले होते, जमाखर्च लावायचं चाललं होतं. पेठेतला एक दुकानदार. दरवर्षी पाच हजार एक वर्गणी द्यायचा. यंदा म्हणाला, दुसऱ्या मंडळाला दिली, आणि पावती काढून दाखवली. काकांनी त्या मंडळाच्या खजिनदाराला विचारलं, तर त्या नंबरची पावतीच फाडलेली नाही. "खोटी पावती! वर्गणी द्यायची नसली तर नाही म्हण, आम्ही काय खाणाराय तुला? पण खोटी पावती?" बराच वेळ ते त्यावरच होते. तालमीच्या दारातल्या फळ्यावर पैन् पैचा हिशेब ते स्वतः खडूनं लिहितात. मंडप, लेझीम, महाप्रसाद, वीजबिल, सगळं. पोरगं दारातनं जाताना उभं राहून वाचतं. इतका स्वच्छ माणूस.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. "यंदाचं तू भर. तो गडी फोनच उचलंना झालाय. पगाराचा फॉर्म सोळा हाय, आणि ही देणगीची पावती. दीड लाख."

"कुणाला दिली देणगी?"

"पक्षाला."

"कुठल्या?"

काकांनी पावती माझ्याकडं सरकवली, वाचली मात्र नाही. गुळगुळीत कागद, चार रंगांत छापलेला, लग्नपत्रिकेसारखा. नावात 'राष्ट्रीय' आणि आणखी दोन भारदस्त शब्द. पत्ता परराज्यातला, कुठल्याशा इमारतीतल्या तिसऱ्या मजल्याचा. खजिनदाराची सही म्हणून रबरी शिक्का, तोही तिरका.

"झेंडा कुठला हो काका यांचा?"

काका गप्प. हा माणूस विद्यार्थी असल्यापासून लाल बावट्याखाली मोर्च्यात चाललेला. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे पुढं, तर हे मागच्या रांगेत घोषणा देणारे. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले त्या दिवशी काका नेमके कुठं होते, हे मी अजून विचारलेलं नाही. आणि ह्या माणसानं दीड लाखाची देणगी अशा पक्षाला दिली होती, ज्याचं चिन्ह छत्री आहे की शिट्टी, हे त्याला सांगता येत नव्हतं.

हा प्रकार आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. आयकराच्या कलम ८० जीजीसीखाली नोंदणीकृत राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते. रोख चालत नाही, म्हणून पैसे बँकेतून पाठवायचे. आठवड्याभरात पाच टक्के कापून बाकीचे रोख परत. काकांना ते लग्नपत्रिकेच्या पाकिटात मिळायचे, वर हळदीकुंकवासकट.

मी त्यांची मागची दोन रिटर्न पोर्टलवर उघडली. २०२२-२३ च्या उत्पन्नातून ऐंशी हजारांची देणगी, २०२३-२४ च्या उत्पन्नातून एक लाखाची. मग म्हटलं, काका, मोबाइल द्या. बँकांच्या आणि कर्जवाल्यांच्या मेसेजांखाली आयकर खात्याचा मेसेज न उघडलेला पडला होता: आपली वजावट तपासा, चुकली असेल तर सुधारित विवरणपत्र भरा. १४ जुलैला खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी अशा दलालांवर एकाच वेळी कारवाई केली होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार लोकांनी आपण होऊन १०४५ कोटींचे खोटे दावे मागं घेतल्याचंही खात्यानंच सांगितलं होतं. काकांचा गडी फोन का उचलत नव्हता, ते एवढ्यावरून कळण्यासारखं होतं.

ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगानं ३३४ नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांची नावं यादीतून काढली, त्यात हा पक्ष असेल म्हणून मी यादी चाळली. नव्हता. काका उगाचच सुस्कारा सोडून म्हणाले, "बघ, म्हणजे पक्ष तरी खरा हाय."

आणि मग ते चिडले. चिडणारच. "कशाला भरायचा गं कर? रंकाळ्याकडं जाताना माझी पाठ मोडती. घरफाळा भरतोय, पाणीपट्टी भरतोय. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन म्हणत म्हणत किती निवडणुका गेल्या? पाणी आलं २०२३ च्या दिवाळीला. अन् वरनं कोट्यवधीचे घोटाळे. आमच्या वीस हजारानं काय देश बुडतोय?"

खोटं काय होतं त्यात? (पुण्यात मिळकतकर म्हणतात, आमच्याकडं घरफाळा. शब्द वेगळा, रस्त्यातला खड्डा तोच.) माझ्याही स्कूटरचं शॉकअप दोन वर्षांत दोनदा गेलंय. आणि पंचक्रोशीतले दोन-दोन मजली बंगले बघते, दारात मोठी गाडी, रिटर्नवर मात्र सगळं 'शेतीचं उत्पन्न', म्हणजे करमुक्त. त्याला हात लावायची कुठल्याच पक्षाची छाती नाही. पगारदाराचा कर पगारातच कापला जातो, म्हणून त्याला आपण एकटेच भरतो असं वाटतं. हे सगळं मला कळतं. तरी मी म्हटलं, "काका, तुमचा पगार कुठनं येतो? संस्थेच्या खिशातनं?"

"तो वेगळा विषय."

"बरं, टोल. तो आपण घालवला, डिसेंबर २०१५ ला. रस्ते तर बांधून झालेले होते. त्याचे पैसे कुणी दिले?"

"सरकारनं भरपाई दिली."

"कुणाच्या पैशातनं?"

काका बाहेर बघत राहिले. टोलविरोधी लढ्याबद्दल माझ्या मनात आजही अभिमानच आहे. गावातल्या गावात फिरायला टोल, हे कुणीच सहन केलं नसतं, आणि कोल्हापूरकरांनी तर नाहीच. पण नाक्यावरचं बिल नाक्याबरोबर जळलं नव्हतं. ते राज्याच्या तिजोरीवर गेलं, म्हणजे गडचिरोलीतल्या, कोल्हापूर कधी न बघितलेल्या माणसाच्या काडेपेटीवरही थोडं गेलं. हे मी बोलले नाही. पोर्टल उघडलं होतं आणि ते परत बंद पडायच्या आत आकडे टाकायचे होते.

आकड्यांनी मात्र दोघांनाही गप्प केलं. काकांचा वर्षाचा पगार बारा लाख. आयकराच्या जुन्या पद्धतीनं प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८० सीखालच्या बचतीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे पंचवीस हजार वजा करून कर येत होता १,११,२८०. त्यात ती दीड लाखाची देणगी घातली की ८०,०८०. मग नव्या पद्धतीचं बटण दाबलं. तिथं देणगी नाही, ८० सी नाही, काही नाही, फक्त पंच्याहत्तर हजारांची वजावट. कर: ७१,५००.

काकांनी चष्मा काढून पुसला. "परत कर."

परत केलं. तेच. खोटी पावती लावून जेवढा कर येत होता, त्यापेक्षा खरं सांगून साडेआठ हजार कमी येत होता. वर दलालाला दिलेले साडेसात हजार गेले ते वेगळेच. रंगीत पावत्यांचा हा धंदा असल्या तक्त्यानं जेवढा बसेल तेवढा धाडींनी बसणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. मात्र ८० सीमुळं का होईना, पीपीएफमध्ये पैसे टाकणारी माझ्या पक्षकारांतली निम्मी पोरं-पोरी आता ते टाकायची थांबली आहेत. तेही मी रोज बघते.

"आणि पुढच्या वर्षी," मी म्हटलं, "याच पगारावर शून्य. पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत माफ."

"शून्य?" काका खरंच दचकले. "अन् मग सरकार चालणार कशावर?"

२०२५ च्या अर्थसंकल्पात साधारण एक लाख कोटींवर पाणी सोडल्याचं अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं. पण काकांच्या तोंडून हा प्रश्न ऐकून माझ्याकडची मुलगी कीबोर्डवर डोकं टेकवून हसायला लागली. मी म्हटलं, तुमच्या कॉलेजातल्या शिपायाच्या साबणावर चालणार. आज त्यावर अठरा टक्के आहे, घटस्थापनेपासून पाच होईल, पण तो भरत राहणारच. त्याला कुणी रिफंड देत नाही.

मागच्या दोन वर्षांचे खोटे दावे मागं घ्यायचं काम उरलं होतं. एका लाखावर वाचलेला कर २०,८००, त्यावर पंचवीस टक्के जादा, म्हणजे २६,०००. त्याआधीच्या वर्षाचे ऐंशी हजार, तिथं १६,६४० वर पन्नास टक्के जादा, म्हणजे २४,९६०. दोन्ही मिळून ५०,९६०, आणि व्याज निराळं. जितका उशीर तितका जादा कर चढतो, चौथ्या वर्षापर्यंत सत्तर टक्के. काकांनी कागदावर स्वतःच्या हातानं बेरीज केली, खजिनदारासारखी, दोनदा, खालून वर आणि वरून खाली.

"वहिनीला सांगू नको," एवढंच म्हणाले.

पैसे त्यांनी तिथंच बसून भरले. तिसऱ्या प्रयत्नाला चलन निघालं. ते स्क्रीनकडं बघत विचारत राहिले, यावर शिक्का कुठं असतो.

आम्ही शटर ओढलं तेव्हा पावणेबारा झाले होते. घरी पोचते न पोचते तोच ग्रुपवर मेसेज आला, मुदत एक दिवसानं वाढवली. पाठोपाठ काकांचा फोन.

"अगं, मुदत वाढली म्हणायलेत. मग आजच सगळं भरायची काय गडबड होती?"

"काका, यंदाच्या रिटर्नची मुदत वाढली. त्या जुन्या दोन वर्षांना आजची मुदत नव्हतीच."

"मग आजच का भरायला लावलंस?"

"उद्या तुम्ही आला असता?"

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. तो कमी झाला. मग काका म्हणाले, "त्या चलनाची प्रिंट काढून ठेव. रंगीत नको."