आमची वाटचाल : गावभागातली कौलारू शेड

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी त्यांना पाठबळ दिलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमचे आजोबा या धंद्यात बऱ्याच उशिरा आले. पण शेड बांधली ती मात्र खानदानी. गावभागात, भर वस्तीत. दगडी जोतं, जाड भिंती, सागवानी खांब, वर मंगळुरी कौलं आणि उत्तरेला उंच खिडक्यांची रांग. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, डोळ्यांवर येत नाही. सुरुवातीला ऑइल इंजिनावर एकच लांब शाफ्ट फिरायचा आणि तिथून प्रत्येक मागाला चामडी पट्टा. त्या शाफ्टचे ब्रॅकेट अजून तुळयांना आहेत. विणकर त्यांना जेवणाचे डबे अडकवतात.

पुढची बरीच वर्षं धोतर, मलमल, पोपलीन यांत गेली. खाऊन-पिऊन सुखी होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते आमच्याच शेडीत धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत मोठ्या झालेल्या एका गृहस्थामुळे. नाव घेत नाही, गावाला ठाऊक आहे. आधी त्यांनी शहराबाहेर पत्र्याची शेड टाकून जुने माग लावले, मग रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, आणले. आणावेत, कुणाची ना नाही. पण आमच्या पोपलीनच्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्यांना, गाठून “ते अजून कौलाखाली विणतात, माल वेळेवर मिळायचा नाही” असं सांगत फिरायची काय गरज होती? पिकामागे, म्हणजे इंचातल्या दर आडव्या धाग्यामागे, थोडे पैसे कमी घेतले आणि पार्ट्या नेल्या. वर आमच्या दोन चांगल्या विणकरांना जादा उचल देऊन फोडलं. दिवाळीत मात्र मिठाईचा पुडा पाठवला. आईने तो जसाच्या तसा परत केला.

कौलांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा मे महिन्याच्या दुपारी दोन्ही शेडींत उभं राहून बघावं. हवा कोरडी झाली की सुती ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटायला लागतो. पत्र्याखाली मग ह्युमिडिफायर बसवा आणि त्याचं वीजबिल भरा. आमच्याकडे जमिनीवर पाणी मारलं, गोणपाटं भिजवून टांगली, की ओलावा भिंती धरून ठेवतात.

2016 च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला. या दोन्हींच्या मधल्या काळात आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीने हात वर केले. ग्रे, म्हणजे कोरं, कापड राजस्थानात पालीला प्रोसेसला गेलेलं, बिलं सगळी उधारीवर. आधी “पुढच्या आठवड्यात”, मग फोन बंद, मग गाळ्याला कुलूप. ताण्याला खळ लावून देणारा सायझिंगवाला दारात, सुताचा दलाल दारात. दलालाचं चुकलं असं म्हणवत नाही, त्यालाही गिरणीला द्यायचे होते. एक पाळी बंद केली, मग दुसरी. भंगारवाला मागांचा भाव किलोवर सांगून गेला. त्याच महिन्यात एक बिल्डर आला. त्याला शेड दिसतच नव्हती, नुसती जागा दिसत होती. भाऊ म्हणाला, देऊन टाकू. आठवडाभर घरात जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही.

तेव्हा उभे राहिले ते मिरजेचे धोतरवाले काका. आजोबांच्या वेळेपासून त्यांचं दुकान आमचंच धोतर विकतं. ते भिंग लावून पिकं मोजत नाहीत, आधी किनारीवरून बोट फिरवतात. धोट्याच्या मागावर बाणा, म्हणजे धोटा इकडून तिकडे नेतो तो आडवा धागा, काठाशी वळून परत येतो, म्हणून किनार बंद आणि पक्की. रॅपिअरवर प्रत्येक बाणा कापला जातो, काठाला झालर राहते आणि ती वेगळ्या धाग्यांनी बांधून घ्यावी लागते. नेसणाऱ्या म्हाताऱ्याला ती लगेच कळते. काका म्हणाले, “सूत मी टाकतो, तू मजुरीवर विणून दे.” म्हणजे मालक होतो तो खर्चीवाला, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा, झालो. वडिलांना ते फार लागलं. पण माग फिरते राहिले आणि शनिवारचे पगार चुकले नाहीत.

बंद पडलेले माग पुन्हा लावले आमच्या जॉबरमामांनी, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रींनी. हा माणूस नवा धोटा आणला की आधी टोकावर अंगठा फिरवतो, मग लाकडाची चीर उजेडात धरून बघतो आणि पॉलिशपेपर मारल्याशिवाय मागात घालू देत नाही. खडबडीत धोटा उडाला की ताणा तर जातोच, शेजारच्या विणकराचा डोळाही जाऊ शकतो. त्यांना रॅपिअरवाल्यांनी दोनदा बोलावलं. गेले नाहीत.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. एका पार्टीला निम्म्याहून जास्त माल देऊ नका, मग ती सख्ख्या मेव्हण्याची का असेना. लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी करून घ्या आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा. 2024 च्या एप्रिलपासून लघुउद्योजकाचे पैसे मुदतीत, फार तर 45 दिवसांत, दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. हा नियम आल्यावर काही व्यापारी “नोंदणी रद्द करा, मग माल घेतो” म्हणायला लागले. अशांना चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि शेड स्वतःची असेल तर ती कर्जाला तारण देताना घरातल्या बायकांना विचारा. आमची वाचली ती आई सहीला नाही म्हणाली म्हणून.

आता सूत पुन्हा आमचं आहे. माग पूर्वीपेक्षा कमी आहेत, पण सगळे धोतरावर आणि पंच्यांवर. पश्चिमेकडची कौलं यंदा पावसाआधी उतरवून घेतोय. जुन्या मापाची मिळत नाहीत, म्हणून पाडलेल्या वाड्यांतून गोळा करतो. ऑर्डर घेतो, सूत तुमचं असो की आमचं. उधारी तीस दिवस. त्याहून जास्त पाहिजे असेल तर शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडीत चौकशी करावी, तिथे अजून देतात म्हणे.