काय डोंबलाचं कोडिंग?

"पाच-सहा वर्षांच्या पोरांना काय डोंबलाचं कोडिंग शिकवतेस गं?" दर उन्हाळ्यात साताऱ्याला गेले की मावशी हे विचारतेच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. इथे सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही कॉम्प्युटिंग हा विषय आहे. आपल्याकडच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग येतं ते सहावीपासून, त्यामुळे मावशीला हे खूळ वाटणारच. पण माझ्या वर्गात सुरुवातीला कॉम्प्युटर कुणी उघडतही नाही. आम्ही जमिनीवर फतकल मारून मधमाशी चालवतो.

बी-बॉट तिचं नाव, खेळण्यातला रोबो. पिवळी-काळी, चाकांवर चालणारी, स्क्रीन नसलेली. पाठीवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी बटणं आणि मधोमध 'गो'. एकदा 'पुढे' दाबलं की १५ सेंटीमीटर, आणि वळण म्हणजे काटकोन. अख्खा रस्ता आधी बटणांवर दाबायचा, मग 'गो'. यंत्राला अशा क्रमाने सूचना देणं, हेच कोडिंग.

पहिली फजिती ठरलेली. चौकटींच्या चटईवर दुकान उजव्या हाताला असतं. मूल 'उजवीकडे' दाबतं आणि मधमाशी जागच्या जागी वळून गप्प उभी राहते. "मिस, ही बिघडली!" बिघडलेली नसते. वळणं वेगळं आणि जाणं वेगळं, दोन्ही मधमाशीला वेगवेगळं सांगावं लागतं. मग ती परत येताना मुलाकडे तोंड करून असते, तेव्हा तिचं उजवं ते मुलाचं डावं. गेल्या वर्षी एक मुलगा बराच वेळ बोटं मोडत बसला, मग उठला, मधमाशीच्या मागे जाऊन तिच्यासारखाच उभा राहिला, अंग वळवून पाहिलं आणि बरोबर बटण दाबलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

हे नवं नाही. १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही कॉम्प्युटरला सूचना द्यायची भाषा तयार झाली, पुढे तिच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारं यंत्र-कासवही आलं. ती घडवणाऱ्यांतले सिमोर पॅपर्ट म्हणायचे ते हेच, की मुलाने स्वतः कासव होऊन बघावं.

आणि फुलीचं बटण! आमच्या जुन्या बी-बॉटमध्ये ते दाबलं नाही तर आधीच्या मुलाच्या सूचना तशाच राहतात, नव्या त्यांच्या शेपटाला लागतात. तीन बटणं दाबलेली मधमाशी दहा पावलं चालून कपाटाखाली शिरते. मग चौकशी: कोणी काय दाबलं होतं? भांडणाचं रूपांतर तपासात होतं. माझा सगळ्यात आवडता अर्धा तास तोच. (गालिच्यावर चाकं घसरतात तेव्हा मात्र तपास व्यर्थ. यंत्र खोटं बोलतं तेव्हा पोरांना काय सांगावं, हे मला अजून जमलेलं नाही.)

यंत्र नसलं तरी अडत नाही. यंदा साताऱ्याच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशीच्या चौकटी होत्याच. मावशीला केलं रोबो, डोळ्यांवर बांधला रुमाल, आणि सूचना द्यायला भाच्याची सहा वर्षांची लेक. फडताळापर्यंत जायचं होतं. लेक म्हणाली, "आजी, उजवीकडे वळ."

मावशी थबकली. "अगं, तुझ्या उजवीकडे की माझ्या?"