एक कवटी, तीन खलनायक: कँगच्या अर्धपुतळ्यांचं काम कुठवर आलंय

रामा-टटचं रंगकाम उरकलं, इमॉर्टसची दाढी बसली आणि मधला कँग अजून करड्या प्रायमरमध्येच टेबलावर आहे. पाऊस उघडेपर्यंत तो तसाच राहणार. कोल्हापुरात जुलैला स्प्रे मारायचा म्हणजे पैसे पावसात धुणं. लॅकर सुकता सुकता हवेतलं पाणी ओढून घेतो आणि वर पांढुरकी साय धरते. त्यामुळे आता फक्त ब्रशनं लावायचं ॲक्रिलिक, तेही दारं लावून, टेबल फॅन लांब ठेवून.

कल्पना नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मार्व्हल कॉमिक्समधले कँग, रामा-टट आणि इमॉर्टस हे तिघं खलनायक म्हणजे एकच माणूस: नेथॅनियल रिचर्ड्स, वेगवेगळ्या वयांतला. बाजारात या तिघांचे पुतळे मिळतात, पण तिघांचे चेहरे तीन वेगळ्या माणसांचे असतात. मला ते कायम खटकायचं. म्हणून ठरवलं की एकच कोरा चेहरा घडवायचा, त्याचा साचा काढायचा आणि त्यातून ओतलेल्या एकसारख्या प्रतींवर तिन्ही वयं चढवायची. प्रमाण एकास चार, म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर. टोप आणि शिरस्त्राण वेगळं.

ज्यांना कँग फक्त २०२३ च्या सिनेमातला माहीत आहे त्यांनी जुने अंक जरूर मिळवून वाचावेत. ऑक्टोबर १९६३ ची तारीख असलेल्या 'फँटॅस्टिक फोर'च्या १९ व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बीनं रामा-टट आणला. इसवी सन ३००० मधला हा गडी स्फिंक्सच्या आकाराच्या कालयानातून प्राचीन इजिप्तमध्ये उतरतो आणि तिथं फारो होऊन बसतो. सप्टेंबर १९६४ च्या 'अव्हेंजर्स' ८ मध्ये कँग आला, आणि त्याच अंकात तो सांगून टाकतो की रामा-टट मीच होतो. इजिप्तमधून पळताना तो आपल्या काळाच्या हजार वर्षं पुढं जाऊन पडला होता. तिथले लोक लढून लढून इतके थकलेले की हातातली शस्त्रं कशी चालतात तेही विसरलेले. याला शस्त्रं कळत होती, हा राजा झाला. पुढं दोनच अंकांनी इमॉर्टस आला, पण हा म्हातारा कँगचंच पुढचं रूप आहे ही गाठ मारायला सत्तरचं दशक आणि लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यावा लागला.

म्हणजे हे तीन चेहरे पहिल्यांदा काढले गेले तेव्हा एकाच माणसाचे म्हणून काढलेच नव्हते. निदान इमॉर्टस तरी नक्कीच नाही. आपल्याला उलट्या दिशेनं जायचंय: वेगवेगळ्या काढलेल्या चेहऱ्यांखाली एक हाड शोधायचं. या सगळ्या कामातली खरी मजा मला तिथंच वाटते.

मूळ चेहरा पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या मातीचा. आत ॲल्युमिनियमची तार आणि फॉइलचा गोळा, वर क्ले, जुन्या ओटीजीत १३० अंशांवर भाजून घेतला. (तो ओटीजी आता फक्त माझा. घरच्यांनी स्वयंपाकघरातून त्याला कायमचा निरोप दिलाय.) या मूळ चेहऱ्याला केस नाहीत, भुवया नाहीत आणि मुद्दाम कानही नाहीत. साच्याच्या दृष्टीनं कान म्हणजे कटकट. कानामागच्या खाचेत सिलिकॉन अडकतं आणि प्रत कापून सोडवावी लागते. पण कान वगळण्याचं त्याहून मोठं कारण बापट कॅम्पातल्या एका मूर्तिकार मामांनी दिलं.

मामांकडं मी शंखजिऱ्याची पूड मागायला गेलो होतो. गणपतीच्या कामाची धांदल, चारी बाजूंना कच्च्या मूर्ती, तरी मी खिशातून काढलेलं ते डोकं त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितलं.

"कोण ह्यो? राजा का राक्षस?"

"दोन्ही, मामा. तरणा असताना राजा, मग लढाया करत फिरणारा, आणि शेवटी म्हातारा. तिघंबी एकच."

"मग म्हातारा कसा करनार? दाढी लावून?"

"हां, दाढी आहेच त्याला."

"दाढी तर कुनालाबी लावता येती. नाकाचा शेंडा खाली आन. कानाच्या पाळ्या लांबव. वरचा ओठ बारीक कर. आन् मग दाढी, सगळ्यात शेवटी. न्हाईतर नाटकातला म्हातारा हुतोय त्यो."

एवढं बोलून ते परत सोंडेच्या वळणाला लागले. पण सगळं काम त्या चार वाक्यांवर उभं राहिलं. वयानुसार कान आणि नाक लांबतात, गालांची चरबी खाली सरकते, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या दिसायला लागतात. कपाळाची रुंदी, नाकाचा पूल, गालफडं आणि दोन डोळ्यांतलं अंतर मात्र तसंच राहतं. म्हणून साच्यात न बदलणारं तेवढंच ठेवलं. कान तिघांचे वेगळे. रामा-टटचे छोटे, डोक्यावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या वस्त्राखालून जेमतेम डोकावणारे. कँगचे शिरस्त्राणाखाली झाकलेले, त्यामुळे केलेच नाहीत. इमॉर्टसचे लांब पाळ्यांचे.

साच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात नवी मंडळी हमखास अडकतात. टिन-क्युअर सिलिकॉन (कथिलाच्या कॅटॅलिस्टनं घट्ट होणारं) वापरलं, दोन भागांत, कडेला गोल खाचा पाडून म्हणजे दोन्ही अर्धे नीट बसतात. प्लॅटिनमवालं जास्त टिकतं आणि आकसत नाही, पण ते नखरेल. मूळ काम गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनचं (तेलात मळलेल्या मातीचं) असेल तर ते सिलिकॉन त्या पृष्ठभागावर घट्टच होत नाही, चिकट राहतं. कॅटॅलिस्ट, म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारं रसायन, वजनकाट्यावर मोजून घाला, थेंब मोजत बसू नका. आणि सिलिकॉन चेहऱ्यावर थेट ओतायचं नाही. आधी ब्रशनं पातळ थर द्या, नाकपुड्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यांत नीट भरा. मग डब्याच्या एका कोपऱ्यातून बारीक धार सोडा, ते आपोआप वर चढत जातं आणि बुडबुडे मागं राहतात.

कास्टिंग मी उन्हाळ्यातच उरकून घेतलं होतं. प्रती ओतायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रेझिनला ओलाव्याचं वावडं आहे. हवेत किंवा रेझिनमध्ये मिसळायच्या पुडीत पाणी असलं की ते फेसाळतं आणि प्रत भाकरीसारखी फुगून बसते. घाटाकडून एकदा ढग उतरले की इकडं दोन-तीन महिने ते काम सोडूनच द्यायचं. ज्यांना पावसाळ्यातच करायचंय त्यांनी एपॉक्सी रेझिन घ्यावं. वेळ जास्त लागतो, पण त्याची कुरकुर कमी.

आता कँगच्या मुखवट्याविषयी. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कँगचा चेहरा निळा दिसतो, डोळ्यांखालून गालांवर उभ्या रेघा उतरतात. बरेच लोक त्याला परग्रहवासी समजतात. तो साधा माणूस आहे, निळा आहे तो मुखवटा. पण अंकांमध्ये त्या मुखवट्यातून भुवया चढतात, ओठ मुडपतात, दात दिसतात. म्हणजे तो कातडीइतका पातळ असला पाहिजे, आणि तरी तो घातलेला आहे हे कळलंही पाहिजे. जाड केला तर खालची कवटी बुजते आणि तिघं एक असल्याचा मुद्दाच संपला. नुसता निळा रंग मारला तर माणूस होळी खेळून आल्यासारखा दिसतो.

मधला मार्ग असा काढला. एम-सील (मळून लावायची एपॉक्सी पुटी) मळून दोन बटर पेपरमध्ये शंखजिरं भुरभुरून लाटायचं, नखाइतकं पातळ. ती चकती कपाळ आणि गालांवर ओल्या बोटानं बसवायची. ओठ आणि पापण्या मोकळ्या सोडायच्या. कड शिरस्त्राणाच्या आत खोचायची. हे सगळं घाईत करावं लागतं, अर्ध्या तासात एम-सील हट्टाला पेटतं. वाळल्यावर ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. रेघा सुईनं कोरल्या. उजव्या गालावरची रेघ मस्त आलीय, एका दमात. डावीवर अजून हात फिरवायचाय. गालफडाच्या उंचवट्यावरून ती वळते तिथं उजेड पडला की किंचित थरथर दिसते.

रंगांबाबत माझं मत पक्कं आहे आणि ते बदलणार नाही. हिरवा आणि जांभळा, तेही भडक. अलीकडं सगळे जण कँगला काळपट धातूच्या चिलखतात बुडवतात. त्या काळच्या छपाईत नायकांना लाल, निळा, पिवळा मिळायचा आणि खलनायकांच्या वाट्याला हिरवा-जांभळा यायचा. तो संकेत आहे आणि तो दिसला पाहिजे. जांभळा काळ्या प्रायमरवर मेल्यासारखा दिसतो. खाली गुलाबी मारा, वर जांभळ्याचे पातळ, पारदर्शक थर (ग्लेझ), सावल्यांत थोडा निळा.

घड्याळाचा मुद्दा एकदाचा निकालात काढतो. पुतळ्यांच्या बैठकीवर घड्याळ कोर, नव्या राजवाड्याच्या मनोऱ्यावरचं कोर म्हणजे कोल्हापूरची खूण राहील, असं तीन-चार दोस्तांनी सांगितलं. राजवाडा मलाही आवडतो. पण काळाशी खेळणारा खलनायक म्हटलं की घड्याळ चिकटवायचं ही सवय डीसी कॉमिक्सच्या क्रोनोससारख्यांमुळे लागलीय. १९६२ चा तो डेव्हिड क्लिंटन, 'ॲटम' या नायकाचा शत्रू, सगळी हत्यारं घड्याळाच्या थाटाची. त्याला ते शोभतं. कँग घड्याळाकडं बघतच नाही. त्याला अंगची शक्ती म्हणावी अशी एकही नाही, पुढच्या शतकांतलं तंत्र आणि फौज एवढंच भांडवल. कालखंड म्हणजे त्याला जिंकायचा मुलूख. म्हणून बैठक कोरी ठेवली: ॲल्युमिनियमच्या तीन चकत्या, शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढलेल्या, मधली बाकी दोघींपेक्षा उंच. लेथवाल्या दादांनी टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते विचारलं. पुतळ्याखाली ठेवायच्यात म्हटल्यावर बिल कमी झालं नाही, पण कडा मात्र त्यांनी फुकट पॉलिश करून दिल्या.

नजरांचा विचार सगळ्यात जास्त केला. कँगला माहीत असतं की आपला इमॉर्टस होणार, आणि त्याला त्या म्हाताऱ्याची किळस आहे. तलवार सोडून पडद्याआड कारस्थानं करणारा, दुसऱ्यांची चाकरी करणारा. १९९८-९९ च्या 'अव्हेंजर्स फॉरेव्हर'च्या १२ अंकांत कर्ट ब्युसिक, रॉजर स्टर्न आणि चित्रकार कार्लोस पाचेकोनं हेच वैर टोकाला नेलं. शेवटी कँग इमॉर्टस व्हायला इतका निकरानं नकार देतो की दोघं कायमचे वेगळे होतात. कॅप्टन अमेरिकापेक्षा मोठा शत्रू त्याला आपल्याच म्हातारपणात सापडलाय. ते बैठकीवर दिसायला हवं म्हणून मानेचे काप वेगवेगळ्या कोनांत घेतले. रामा-टट सरळ समोर बघतो, त्याला पुढचं काहीच ठाऊक नाही. कँगची मान इमॉर्टसपासून पलीकडं वळलेली. इमॉर्टस कँगकडं बघतोय, जरा वरून.

डोळ्यांची आखणी रामा-टटची झाली. इमॉर्टसच्या पापण्या थोड्या उतरवल्या आणि बुबुळाचा वरचा भाग झाकला, त्यामुळे तो कंटाळलेला आणि सगळं आधीच बघून बसलेला वाटतो. कँगचे डोळे शेवटी करणार. मामा म्हणाले होते की आखणी एकाच बैठकीत, दोन्ही डोळे, मध्ये चहा नाही. ते पाळणार आहे.

आता चौथी प्रत उरलीय. २००५ मध्ये ॲलन हाइनबर्ग आणि जिम चेउंगनं आयर्न लॅड आणला, म्हणजे १६ वर्षांचा नेथॅनियल, जो आपलं भविष्य बघून हादरतो आणि त्यापासून पळत भूतकाळात येतो. त्याला सोडून हा संच पुरा होत नाही. पण १६ वर्षांच्या पोराचा जबडा आणि भुवईचं हाड अजून भरलेलं नसतं, त्यामुळे तीच प्रत तशीच चालणार नाही. तासावी लागेल. हनुवटीपासून सुरू करायचं की कपाळापासून, यावर अडलोय. रेझिन घासून चेहरा लहान वयाचा कुणी केला असेल तर सांगा, विशेषतः नाकाचा पूल किती खाली घेतलात ते.