तुम्ही विचारलंत म्हणून: काम मागायला जाताना काय न्यायचं?

"कॉमिक्स मीच लिहितो, चित्रंही मीच काढतो. पोर्टफोलिओत काय ठेवू?" जे.जे. कला महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं हे विचारतात, दिवसभर नोकरी करून रात्री चित्रं काढणारेही विचारतात. एकाच गोष्टीची सलग सहा पानं ठेवा. ऐटीत उभे असलेले नायक आणि नटांची पोर्ट्रेट्स घरीच राहू द्या. त्यांवरून हात कळतो. पण तोच चेहरा बाराव्या चौकटीत, वाकलेला, अर्धा पाठमोरा असताना ओळखू येतो का, हे कळत नाही. सहांपैकी एका पानावर दोन माणसं नुसती बोलत असू द्यात. मारामारीत बरंच काही खपून जातं, बोलणाऱ्याचे हात चुकले की लगेच दिसतात.

स्क्रिप्ट मात्र वेगळी लिहा, चित्र दुसराच कुणी काढणार आहे असं समजून. 1967 साली मुंबईत सुरू झालेल्या अमर चित्र कथेत लेखक आणि चित्रकार बहुधा वेगळे असायचे, त्यामुळे चौकटीगणिक लिहून द्यावंच लागे. एकट्याने काम करणारा ही पायरी गाळतो आणि संवादांच्या फुग्यांपाशी अडकतो.

समजा, दादर स्टेशनचा जिना. डावीकडे टीसी, उजवीकडे काकू, आणि पहिलं वाक्य काकूंचं. आपण डावीकडून वाचतो, म्हणजे टीसीचं उत्तर आधी आणि काकूंचा प्रश्न नंतर! मग काकूंचा फुगा वर डावीकडे न्यायचा आणि त्याची शेपटी टीसीच्या टोपीवरून ओढत आणायची. काडेपेटीएवढ्या कच्च्या आराखड्यातच संवाद लिहिले असते, तर दोघांच्या जागा बदलायला दहा सेकंद लागली असती. पानाला पाच-सहा चौकटी, फुग्यात फार तर वीस शब्द. मराठीला वर वेलांट्या-रफार, खाली उकार; म्हणून 10 पॉइंटच्या अक्षराला ओळींमधलं अंतर 14 धरून बघा.

'दुसऱ्या' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की 'दुसर्या' होतं, रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो. प्रूफ वाचताना ही चूक हमखास निसटते, कारण डोळा बरोबर तेच वाचून पुढे जातो. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटतात. त्यापेक्षा अक्षरं इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये, वेगळ्या लेयरवर करा. प्रेसला आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरलेली फाइल द्या, पण मूळ फाइल जपा. आउटलाइन झाल्यावर एक काना बदलायचा तरी शब्द पुन्हा टाइप करावा लागतो.

छपाईचं थोडक्यात: चित्र ए3वर, छापील पान ए4, म्हणजे रेषा साधारण 70 टक्क्यांवर येते आणि 0.1च्या पेनाची बारीक रेघ तुटते. काळ्या रेषांचा स्कॅन 600 डीपीआयने. कडेला 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र. अक्षरं फक्त काळ्या शाईत. चार रंगांतून काळा बनवला तर छपाईची एखादी प्लेट जराशी सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येते. पिन मारायची असेल तर पानं चाराच्या पटीत.

पैशांचं विचाराल, तर मुंबईत भाडं बऱ्याचदा जाहिरातींच्या स्टोरीबोर्डांतून, म्हणजे शूटिंगआधी काढलेल्या दृश्यांच्या चित्रांतून निघतं. तिथेही हीच सहा पानं चालतात, कारण जाहिरातवाल्यांना कॅमेरा कुठे ठेवलाय तेच बघायचं असतं.

आणि करार लेखीच करा. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द बहुतेक वेळा असतात. ते शोधा, त्यांचे पैसे वेगळे मागा, आणि पात्र तुमचं असेल तर त्याचं कलम स्वतंत्र लिहून घ्या.