आमची वाटचाल : टाचणीकडून लेन्सकडे

पहिला सोनेरी कासव-भुंगेरा पकडला तेव्हा पानावर सोन्याचा थेंबच पडलाय असं वाटलं होतं. शिकवल्याप्रमाणे मी त्याला बाटलीत मारलं, टाचणीला टोचलं, खाली चिठ्ठी लावली. काही दिवसांनी पेटी उघडली तर आत तपकिरी किडा. हा रंग कवचातल्या ओलसर थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. जीव गेला, कवच वाळलं की सोनंही जातं. चतुराच्या डोळ्यांचे रंगही मेल्यावर असेच मावळतात. माझ्या चिठ्ठीवर ‘सोनेरी’ असं लिहिलेलं होतं, पण पेटीतला पुरावा वेगळंच सांगत होता. कीटकशास्त्रात इतकी वर्षं काढल्यावर ही गोष्ट मला फार लागली, आणि मी कॅमेरा घेतला.

वाटलं होतं, कीटक ओळखता येतात म्हणजे फोटोही येतील. पण किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटवायचा, म्हणजे एकास एक, तर एफ आठ ॲपर्चरला (लेन्समधल्या छिद्राच्या त्या मापाला) जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. डोळा साधला की मिशा धूसर. ॲपर्चर आणखी बारीक केलं तर खोली वाढते, पण सगळं चित्रच मऊ पडतं. मग फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि ते एकत्र जोडायचे, म्हणजेच स्टॅकिंग. भुंगेऱ्याचं कवच तर आरसाच. उघडा फ्लॅश त्यावर पांढरा डाग होऊन बसतो. आम्ही वाकवलेला अर्धपारदर्शक कागद किड्याच्या अगदी जवळ आणला, तेव्हा कुठे उजेड पसरला आणि कवचावरचे खळगे दिसू लागले. या एका कागदावर आम्ही जितका वेळ घातला तितका कुठल्याही लेन्सवर घातला नाही.

माझ्यासोबत एक छायाचित्रकार आणि एक जुनी सहकारी आली, आणि आमची छोटीशी संस्था उभी राहिली. ओळख-पुस्तिका, पाठ्यपुस्तकं, संशोधकांचे लेख यांसाठी कीटकांची छायाचित्रं काढणं हे आमचं काम. पहिल्याच मोठ्या कामात मी चुकले. टेनेब्रिओनिडी कुळातल्या काळ्या भुंगेऱ्याचा सुंदर फोटो दिला, पण त्याचे मागचे पाय पोटाखाली दडलेले. या कुळात पुढच्या दोन जोड्यांच्या पावलांना पाच-पाच खंड असतात आणि मागच्या जोडीला चार. ओळख पटवणारी खूण तीच, आणि फोटोत तीच नव्हती. फोटो परत आला ते योग्यच झालं. तेव्हापासून कॅमेरा लावण्याआधी आम्ही ठरवतो, या किड्याची ओळख नेमकी कशावर ठरते? पंखांच्या शिरा, मिशांचे खंड, की पावलं?

दुसरी चूक स्टॅकिंगमधली. मध्येच किड्याने मिशी हलवली आणि जोडलेल्या चित्रात एकीच्या दोन झाल्या. संगणकावर एक पुसून टाकणं सोपं होतं. आम्ही पुसली नाही, पूर्ण संचच टाकून दिला. शरीरावरचं काहीही पुसायचं नाही की रंगवायचं नाही, यावर आमच्यात कधी वाद झाला नाही. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गार करणारेही आहेत. आम्ही ते करत नाही. गारठलेल्या किड्याचे पाय जसे आवळले जातात, तसा तो झाडावर कधीच बसत नाही. त्यापेक्षा पहाटे जावं, दव अंगावर घेऊन तो स्वतःच निश्चल असतो.

जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन 1699 मध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली ती जिवंत कीटक चितारायला. अळी, कोष, पतंग आणि ते ज्या झाडावर जगतात ते झाड, हे सगळं ती एकाच चित्रात मांडायची. माझ्या मते कॅमेऱ्याने अजूनही तिच्याकडून शिकावं. आमच्या प्रत्येक संचात म्हणूनच खाद्यवनस्पती असते, सोबत मोजपट्टी, ठिकाण आणि तारीख.

सध्या पुन्हा कासव-भुंगेराच हाती घेतलाय, यावेळी अंड्यापासून. त्याची अळी टाकलेली कात आणि स्वतःची विष्ठा शेपटीकडच्या काट्यावर गोळा करून छत्रीसारखी पाठीवर धरते. मुंगी जवळ आली की ती छत्री तिच्याकडे वळवते. कालच एकीने कात टाकली. जुनी कात काट्यावर सरकवताना ती क्षणभर थांबली, आणि तेवढ्यात आमचा संच पूर्ण झाला.