सहामाही सादरीकरणांनी मला काय दिलं

पीएच.डी.च्या गप्पांमध्ये पेट म्हणजे प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क आणि शेवटची तोंडी परीक्षा म्हणजे व्हायवा यांवर सगळे भरभरून बोलतात. मधली सहामाही सादरीकरणं मात्र ‘सह्या घ्यायचं काम’ म्हणून उरकली जातात. माझं मत उलटं आहे. माझा प्रबंध उभा राहिला तो याच सादरीकरणांमुळे.

मी भूगोलाची. विषय होता मराठवाड्यातली भूजलपातळी. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आमच्या भाषेत आरएसीपुढे, काम मांडावं लागतं आणि थोडक्यात अहवाल द्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून 4 वेळा मोजते. त्या आकड्यांची तालुकावार सरासरी काढून मी छान रंगीत नकाशे केले होते. समितीत संख्याशास्त्राच्या एक मॅडम होत्या. त्यांनी नकाशांकडे फारसं पाहिलंच नाही. “एकाच गावातल्या दोन विहिरींत इतका फरक असेल, तर तुमची सरासरी कुठल्या विहिरीची?” एवढंच विचारलं. मराठवाड्यातल्या बेसॉल्ट या काळ्या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. भेग सापडली तर विहीर भरते, शंभर पावलांवरची दुसरी उन्हाळ्यात तळ गाठते. हे मला पुस्तकातून माहीत होतंच, पण माझ्या पद्धतीत ते कुठेच नव्हतं. त्या प्रश्नाचं पुढे अख्खं प्रकरण झालं, आणि परीक्षकांनाही तेच आवडलं.

विभागातल्या एका सीनियर ताईने लावलेली सवय याहून कामाची. सादरीकरण झालं की त्याच संध्याकाळी सगळ्या सूचना क्रमाने लिहायच्या आणि गाइड व सदस्यांना मेल करायचा: ‘मला या सूचना समजल्या, काही राहिलं असल्यास कृपया कळवावं.’ उत्तर सहसा कुणी देत नाही. नसू दे. प्रबंध सादर करण्याआधीच्या शेवटच्या सादरीकरणात एका सरांनी “अजून एक तालुका घ्या” असं सुचवलं. म्हणजे आणखी वर्षभराची फिरती. अभ्यासक्षेत्र तेवढंच ठेवायचं हे समितीनेच ठरवल्याचा जुना मेल माझ्या गाइडनी शांतपणे वाचून दाखवला. विषय तिथेच मिटला.

बाहेरच्या परिषदांबद्दल मात्र मी फार उत्साहाने सांगू शकत नाही. दीपप्रज्वलन आणि सत्कारात सकाळ जाते, मग समांतर सत्रांत प्रत्येकाला जेमतेम सात मिनिटं, शेवटी प्रमाणपत्र. नव्या नियमांत शोधनिबंधाची सक्ती उरलेली नाही, तरी नोकरीच्या अर्जात तो लागतोच. म्हणून दोन-चार प्रमाणपत्रांऐवजी एका बऱ्या नियतकालिकावर वेळ घालवा. ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला मात्र जरूर जा. पोस्टरशेजारी तासन्‌तास उभं राहून फार्मसीच्या, वाणिज्यच्या मुलांना आपला विषय समजावताना कुठली वाक्यं पोकळ आहेत ते आपोआप कळतं. माझं पोस्टर पुढच्या फेरीत गेलं नाही. त्यातली मांडणी मात्र तशीच्या तशी प्रस्तावनेत गेली.

साम्य तपासणीची, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललाय का हे पाहणाऱ्या तपासणीची, भीती उगाच घालतात. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजत नाहीत. हे नियम 2018 पासून आहेत, एकदा मुळातून वाचा.

शेवटचं सादरीकरण नियमाप्रमाणे सगळ्या प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना खुलं असतं. तरी बहुतेक खुर्च्या रिकाम्या. मी इतर विभागांत जाऊन मागे बसायचे. विषय कुठलाही असो, काही प्रश्न ठरलेले: हेच क्षेत्र का, नमुना असाच का निवडला, मर्यादा काय? या तिन्हींची उत्तरं मी ‘धन्यवाद’च्या स्लाइडनंतर जोडून ठेवली होती. त्यातल्या दोन उघडाव्या लागल्या.